दोनदाच विचारलं

मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सोज्वळपणाचा आव आणायला नको.

हाइडी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर मिनेसोटा सोडून फ्लोरिडाला गेली. पुढे नवरा सुटला, फ्लोरिडा काही सुटला नाही. मी इथेच बॅजर लेकमध्ये राहिले आणि आईचं घर माझ्यापासून चार घरांवर. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ मी काढते, औषधांचा डबा मी भरते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते. तिला वाकता येत नाही म्हणून सहा वर्षं तिच्या पायांची नखं मी कापते आहे. हाइडी काय करते? रविवारी फोन करते. मग मंगळवारपर्यंत आई मला हाइडी काय म्हणाली ते ऐकवते. बुधवारी मी विचारते, "आणि मी काय म्हणाले ते तिला सांगतेस का कधी?" तर आई म्हणते, "तू रोजच म्हणतेस, त्यात सांगायचं काय?"

मार्चमध्ये शाळेला आठवड्याची सुट्टी असते. त्या आठवड्यात आमच्या गावात ज्याच्या ज्याच्याकडे गाडी आहे तो दक्षिणेकडे पळतो. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, माझी लेक ब्रिट त्याच शाळेत सातवीत आहे, आणि माझा नवरा कर्ट रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो. त्याला सुट्टी मिळवायला साहेबाच्या हातापाया पडावं लागतं. तरी दरवर्षी आम्ही आईला घेऊन हाइडीकडे जातो. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला. दक्षिणेत पोचेपर्यंत अंगावरचे कपडे एकेक करून उतरत जातात आणि माझा पारा एकेक अंशाने चढत जातो.

यंदा निघायच्या सकाळी उणे अठरा होतं. सगळे गाडीत बसले होते. आई मागे ब्रिटशेजारी, मांडीवर सँडविचचा डबा. तेवढ्यात तिला आठवलं की रक्तदाबाच्या गोळ्या न्हाणीघरात राहिल्या. मी चावी घेऊन धावत तिच्या घरात गेले. गोळ्या घेतल्या आणि कमोडकडे लक्ष गेलं. आत गुलाबी पाणी होतं. बेसिनच्या जाळीखालीही तेच गुलाबी.

तळ्याकाठची उन्हाळी घरं हिवाळ्यासाठी बंद करतात, तेव्हा नळांतलं सगळं पाणी काढून पाइपांत हे गुलाबी औषध ओततात. ते गोठत नाही. पण नऊ दिवसांसाठी राहत्या घरात ते कोणी ओतत नाही. नऊ दिवसांसाठी नळ बारीक सोडून ठेवतात आणि शेजाऱ्याला चावी देतात. गुलाबी पाणी म्हणजे घर बंद. या थंडीत तरी इथे कोणी परत येणार नाही.

मी स्वयंपाकघरात डोकावले. चुलीशेजारच्या खिळ्यावर क्रुमकाकेचा साचा असतो. बिडाचा, लांब दांड्याचा, नॉर्वेहून आलेल्या पणजीचा. ख्रिसमसला आई त्यावर कागदासारख्या पातळ गोड पोळ्या भाजते आणि गरम असतानाच गुंडाळते. आई तो कोणाला हात लावू देत नाही. खिळा रिकामा होता.

म्हणजे ती साचा घेऊन निघाली होती. म्हणजे ती कायमची हाइडीकडे चालली होती, आणि मला पत्ता नव्हता. मला! मी दार ओढलं, कुलूप लावलं, गाडीत बसले आणि गोळ्या तिच्या हातात दिल्या.

"सापडल्या का गं?" आईने विचारलं.

"सापडल्या," मी म्हणाले.

"अजून काही नाही ना राहिलं?"

"तूच सांग."

तिने सँडविचच्या डब्याचं झाकण दाबलं. मी पट्टा लावला. आमच्याकडे सरळ विचारणं म्हणजे भर चौकात कपडे काढण्यासारखं समजतात.

आमच्या या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. बॅजर लेकमध्ये कोणी कॉफी देऊ केली तर पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, तू एवढं म्हणतेस तर" म्हणून कप पुढे करायचा. पहिल्या दोन नकारांना कारण जोडायचं. आत्ताच झाली, तुला त्रास कशाला, रात्री झोप येत नाही. ज्याला खरोखर नको असतं तो कारण देत नाही. तो नुसतं "नको गं" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. दोनदा विचारून थांबणारा एक तर कंजूष असतो, नाहीतर बाहेरगावचा.

विस्कॉन्सिनमध्ये पेट्रोलसाठी थांबलो, तेव्हा आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सॉन्या, तुमच्या तळघरातल्या त्या खोलीत सकाळचं ऊन येतं का गं?"

"तिथे कर्टची मासे मारायची गळ-जाळी पडलीत. का?"

"सहज. हाइडीच्या खोलीत येतं ना, म्हणून आठवलं."

हाइडीच्या खोलीत येतं! पंधराशे मैल अलीकडेच हिच्या डोळ्यांवर तिथलं ऊन आलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हणाले, "आमच्या तळघरात ओल असते. सांध्यांना बरी नाही."

"हो, ओल वाईटच," आई म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

केंटकीत मोटेलच्या जिन्यावर ती कठडा न धरता चढली आणि वर जाऊन म्हणाली, "बघ, मला जिन्याचं काही वाटत नाही. उतरायलाही नाही." मी म्हणाले, "हाइडीकडे जिनाच नाही. तुला तिथे सोपं जाईल." ती माझ्याकडे बघत राहिली. कर्टने दोन बॅगा उचलल्या आणि खोकला. त्याला काही बोलायचं असलं की तो खोकतो, आणि खोकून झालं की त्याला वाटतं, बोलून झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. हाइडी अनवाणी धावत रस्त्यावर आली. एकोणचाळिशीची बाई, पण पाय कसे, तर पावासारखे खरपूस. आमचे पाय ऑक्टोबरपासून दोन-दोन मोज्यांत. तिने आईला मिठी मारली, ब्रिटला मिठी मारली, मलाही मारली. तिच्या अंगाला उन्हाचा आणि नारळाच्या तेलाचा वास येत होता. अंगणात लिंबाचं झाड, त्याला फळं लगडलेली. "तोड ना मावशीच्या झाडाचं," ती ब्रिटला म्हणाली. माझ्या लेकीने, जी घरी ताटातला वाटाणा उचलायला तीन हाका घेते, एका दमात सहा लिंबं तोडली.

एक गोष्ट मात्र घडली, आणि ती आठवून मी दोन दिवस मनातल्या मनात नाचत होते. घरात गेल्यावर हाइडीने आईला विचारलं, "कॉफी?"

आई म्हणाली, "नको, वाटेत झाली."

आणि हाइडीने भांडं उचलून ठेवून दिलं! फ्लोरिडाने तिचं वळणच बिघडवलं होतं. आई रिकाम्या टेबलापाशी हात ठेवून बसली. मी म्हणाले, "आई, मी करते." "नको, राहू दे." "अगं करते ना, मलाही हवीये." "दमलीयेस तू." "आई, घे कपभर." "बरं, तू एवढं म्हणतेस तर," आई म्हणाली, आणि मी कॉफी करून विजयी मुद्रेने हाइडीकडे पाहिलं. ती फोनवर कोणाचे तरी फोटो बघत होती. तिला कळलंही नाही की तिच्या घरात तिचा पराभव झालाय.

पण माझा आनंद टिकला नाही. तिसऱ्या सकाळी मी उठून बाहेर आले, तर आई हाइडीची आखूड पँट घालून अंगणात बसलेली. आईचे गुडघे मी वीस वर्षांत पाहिले नव्हते. हाइडी तिच्या पायांशी जमिनीवर बसून तिच्या नखांना रंग लावत होती. नारिंगी. मी ज्या नखांना सहा वर्षं चष्मा लावून, श्वास रोखून, न दुखवता कापलं, त्या नखांना.

"अगं बाई, ही मी आहे का?" आई पाय हलवून हसत होती. आई हसते तेव्हा तोंडावर हात ठेवते. तिथे तिने हात ठेवला नव्हता.

"सॉन्या, तुझीही रंगवू?" हाइडीने विचारलं.

"माझी बुटात असतात," मी म्हणाले.

"म्हणून तर तोंड असं झालंय. पायांना हवाच नाही!"

आई हसली. हाइडीच्या विनोदाला, माझ्यावर. मग हाइडी उठली आणि म्हणाली, "आई, कॉफी?"

"हो, दे," आई म्हणाली.

पहिल्या फटक्यात. मी पंचेचाळीस वर्षांची आहे. या पंचेचाळीस वर्षांत आई माझ्यासमोर कशालाच एकदम हो म्हणालेली नाही. पावाच्या तुकड्याला नाही, शालीला नाही, वडील गेले त्या दिवशी मी तिला जवळ घ्यायला गेले तेव्हासुद्धा नाही. "कपडे भिजलेत माझे," म्हणाली होती. तेव्हा मी तीनदा हात पुढे केला होता. आणि इथे तीन दिवसांत "हो, दे". मी आत जाऊन बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. त्याच्या जाळीखाली गुलाबी नव्हतं. इथे पाणी कधी गोठतच नाही.

त्या दुपारी सगळे समुद्रावर गेल्यावर मी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले आणि आईची बॅग उघडली. हो, उघडली. साचा शोधत होते. तळाशी हात घातला, बाजूचे खण पाहिले. साचा नव्हता. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. वाटलं, आधीच पार्सलने पाठवला असेल. मग हाइडीची कपाटं पाहिली. तिथेही नव्हता. लपवलाय, मी मनात म्हणाले. मत्सर एकदा डोक्यात शिरला की सगळंच पुरावा दिसायला लागतं, काही न सापडणंसुद्धा.

निघायच्या सकाळी कर्ट बॅगा भरत होता. हाइडी वाटेत खायला संत्र्यांची पिशवी घेऊन आली. आई तिच्या जुन्या करड्या कोटात गाडीपाशी उभी होती. कोटाखालून नारिंगी नखं दिसत होती, कारण बूट तिने हातात धरले होते.

"आई, तू थांब ना अजून थोडे दिवस," हाइडी म्हणाली. "तिकडे अजून बर्फ आहे. खोली रिकामीच असते."

आली वेळ, मी मनात म्हणाले. चला, नाटक तरी नीट वठवताय.

आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "नाही, आई येतेय. गाडीत तिची जागा आहे."

"ब्रिटला आडवं होता येईल मी नसले तर," आई म्हणाली.

"ब्रिट झोपते बसून. चल आई."

"तुझ्यामागे आधीच किती असतं, सॉन्या. त्यात माझा ताप."

तिने बोलता बोलता गाडीच्या दारावर हात ठेवला होता. कर्ट खोकला. हाइडी संत्र्यांची पिशवी छातीशी धरून ओठ आवळून उभी होती. मला ते हसू वाटलं. मला वाटलं, घर बंद करून, साचा हलवून, सगळं ठरवून आलेली ही बाई आता माझ्याकडून तिसऱ्यांदा विनवणी करवून घेणार, आणि मग हाइडीसमोर मला नाही म्हणणार. सहा वर्षं नखं कापली, तेवढं पुरे.

"बरं तर," मी म्हणाले. "तुझी मर्जी."

आईचा हात दारावर आणखी थोडा वेळ होता. मग तिने तो काढला. हाइडीने पुन्हा विचारलं, "मग राहतेस, आई?" आणि आई म्हणाली, "हो. राहते."

ब्रिट टेनेसीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जॉर्जियात कर्टने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "दोनदाच विचारलंस."

"गाडी चालव," मी म्हणाले. त्याने चालवली.

विस्कॉन्सिनपासून पुन्हा बर्फ लागला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी घरी पोचलो. आईच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ साचला होता. सवयीने मी फावडं उचललं, मग ते ठेवून दिलं. मळके कपडे घेऊन आमच्या तळघरात धुवायला गेले. यंत्राच्या वरच्या फळीवर साबणाच्या डब्यामागे जुन्या टॉवेलात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. टॉवेल आईचा होता. मी तो ओढला आणि लांब दांडा बाहेर आला.

साचा.

मी शेजारच्या खोलीचं दार ढकललं. गळ-जाळी गेली होती. भिंती पिवळ्या केल्या होत्या. निघायच्या आधी आठवडाभर घरात रंगाचा वास येत होता, तेव्हा कर्ट म्हणाला होता की बोटीला रंग देतोय. खिडकीखाली आईच्या पलंगाचे दोन कठडे भिंतीला टेकवलेले होते आणि तीन खोकी. एकावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हिवाळी मोजे'. खिडकीतून पलंगाच्या जागेवर ऊन पडलं होतं.

कर्ट जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. या वेळी तो खोकला नाही.

"घर मीच बंद केलं तिचं," तो म्हणाला. "परत आलो की थेट इथेच यायची होती. तिला एकटीने हिवाळा काढवत नाही आता. नोव्हेंबरात दोनदा पडली ती. तुला सांगितलं नाही."

"मग मला विचारायचं होतं तिने!"

"ती कशी विचारेल? तिला वाटत होतं, तू म्हणशील. नऊ दिवस एकत्र असू, कुठेतरी सॉन्या म्हणेलच, आई आमच्याकडे ये. माझ्याकडून शब्द घेतला होता, आधी बोलायचं नाही म्हणून. नवऱ्याने सांगितल्यावर विचारलं तर त्याला काय अर्थ, म्हणाली."

"आणि तिकडे? गाडीपाशी? तेव्हा तरी बोलायचंस."

"मला वाटलं, हाइडीचं घर बघून तिचा विचार बदलला असेल. मग तिचा दारावरचा हात पाहिला. आणि तू 'बरं तर' म्हणालीस."

उणे नऊ होतं बाहेर. मी अंगात कोट असतानाच फोन लावला. हाइडीने उचलला. म्हणाली, "सॉन्या, आई अंगणात आहे, देते. अगं, ती परवा दिवसभर रडली, मला काही समजेना. मी कॉफी विचारली तरी रडू." मग पावलं, दाराचा आवाज, आणि आई.

"पोचलात का गं?"

"पोचलो. आई, मी खोली पाहिली."

"रंग चांगला बसलाय ना? कर्टला म्हटलं होतं, पिवळाच दे. तळघरात उजेड वाटतो."

"चांगला बसलाय. ऊन येतं तिथे, आई. सकाळीही येत असेल. ओलबिल काही नाही, मी उगाच म्हणाले. साचाही सापडला."

"असू दे तुझ्याकडे. तुला हात लावू दिला नाही मी कधी. घे आता."

सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "आई, घरी ये. मी येते न्यायला. पुढच्या शनिवारी येते. ये ना."

हे तिसरं होतं. मी कारणाची वाट पाहत उभी राहिले. कुठलंही चाललं असतं. शाळा बुडेल तुझी, एवढ्या लांब कशाला, आत्ताच तर आले. कारण आलं असतं तर मी चौथ्यांदा विचारलं असतं, पाचव्यांदा विचारलं असतं.

"नको गं," आई म्हणाली.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिच्यामागे कुठेतरी पक्षी ओरडत होते. मग दुरून हाइडीचा आवाज आला, "आई, कॉफी ओतू?"

"हो, ओत," आई म्हणाली.